आठल्ये अण्णा आणि सड्यावरचा गडगा

आठल्ये अण्णा कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी घराच्या मागे जायचे. यजमान पुढच्या दारात "या, या" करत उभा, आणि हे काखेत छत्री धरून घराला वळसा घालून थेट परसात. न्हाणीचं पाणी कुठे जातं ते त्यांना बघायचं असे. ते पाहून झालं की मग पुढे यायचं, चपला काढायच्या, "बरं आहे हो घर" म्हणायचं आणि टेकायचं. पाणी नीट जात नसेल तर "बरं आहे" यायचंच नाही, नुसतं "हं" यायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आम्हाला "हं" मिळालं होतं. न्हाणीमागचं डबकं बुजवा म्हणून मी घरात दोन वर्षं कंठशोष करत होते. अण्णांच्या त्या हुंकारानंतर ते काम दुसऱ्याच दिवशी झालं. तेव्हापासून माझं त्यांच्याविषयी फार चांगलं मत आहे.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला मंडळी गेली होती. पोहे आले, मुलगी आली, विचारायचे ते प्रश्न विचारून झाले, आणि अण्णांचा पत्ता नाही. शोधायला गेलं तर मुलीच्या वडिलांबरोबर माडाच्या आळ्यापाशी उकिडवे बसलेले. परत येताना बाकीचे सगळे मुलीचं शिक्षण, उंची, आवाज यांवर बोलत होते. अण्णांचं मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भांड्यांचं पाणी केळींना आणि न्हाणीचं माडाला दिलंय. वेगवेगळं. नेटकी माणसं आहेत. करून टाका." ते लग्न झालं आणि चांगलं झालं. मुलीचं नाव मात्र यांना साखरपुड्याच्या दिवशी कळलं, असं माई सांगायच्या.

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांच्याविषयी पुढे बरंच यायचं आहे.

अण्णा पोफळी गावच्या वीजगृहातून निवृत्त होऊन रत्नागिरीत आले होते. डोंगरातून उतरणारं पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, त्या झडपांवर त्यांची देखरेख असे. "मी काही इंजिनिअर नव्हे हो, मी पाण्याचा फाटकवाला," असं ते स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे. नोकरीची सगळी वर्षं प्रकल्पाच्या वसाहतीत, सरकारी क्वार्टरमध्ये गेली. तिथे भिंतीत खिळा मारायचा तर आधी अर्ज करायचा. इथे आल्यावर त्यांनी माझ्या मामांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते मामांकडे कॅलेंडरच्या खिळ्याची परवानगी मागायला आले. मामा म्हणाले, "अण्णा, घर आपलंच समजा, हवे तेवढे खिळे मारा." अण्णांना ते उत्तर पटलं नाही. "तसं नको. कुठल्या भिंतीवर आणि किती उंचीवर ते सांगा." मामांना ते काही सांगता आलं नाही, आणि अण्णांचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं राहिलं.

माई लहानखुऱ्या, तरतरीत आणि कमी बोलणाऱ्या. पण एका विषयावर त्या भरभरून बोलत, आणि तो विषय म्हणजे गडगा. आमच्याकडे जमीन घेतली की माणूस आधी गडगा घालतो. घर मग, बाव म्हणजे विहीर, तीही मग. जांभ्या दगडांचे तुकडे एकावर एक रचून केलेली ही कमरेएवढी भिंत, पण तिच्यात माणसाची सगळी अब्रू असते. वीतभर गडगा सरकला म्हणून सख्खे भाऊ जन्मभर कोर्टात गेलेले मला माहीत आहेत. माई केळशीच्या. त्यांच्या माहेरी सुपारीची बाग आणि तिला चहूबाजूंनी शेवाळलेला गडगा. तिथून त्या लग्न होऊन वसाहतीत आल्या, आणि तिथे दोन क्वार्टरांच्या मध्ये साधं मेंदीचं कुंपणसुद्धा नाही. कुणाचंही पोर कधीही स्वयंपाकघरात यायचं, कुणाचीही शेळी येऊन अबोली फस्त करून जायची, आणि दोरीवर काय वाळत घातलंय त्यावर चार घरांत चर्चा व्हायची.

"मला बंगला नको," त्या मला सांगायच्या. "मला गडगा हवा आणि त्याला ये-जा करायला बेडं. संध्याकाळी बेड्याचे बांबू सरकवले की आतलं ते माझं. मग आत मी कशी का बसेना."

अण्णांचं नेमकं उलट. वसाहतीतल्या त्या उघड्या अंगणांत त्यांचं सुख होतं. पाळी संपवून यायचं, खुर्ची बाहेर टाकायची, की दहा मिनिटांत आणखी चार खुर्च्या यायच्या. कुणी भजी आणायचं, कुणी पेटी. भाड्याच्या जागेत आल्यापासून ते संध्याकाळचे जरा केविलवाणे दिसायचे. दोघं एकाच घरात इतकी वर्षं राहिली, आणि एकाला जे आठवून बरं वाटे ते आठवून दुसरीच्या अंगावर काटा येई. ही गंमत माझ्या तेव्हाच लक्षात आली होती, पण तिचं पुढे काय होणार आहे ते कळलं नव्हतं.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही शिक्षक, कारकून, दवाखान्यातल्या नर्सेस अशा मंडळींनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली. मिरजोळ्याला कारखान्यांची वसाहत झाल्यावर त्या बाजूच्या जमिनींना भाव येऊ लागला होता. तो फार चढायच्या आत आम्ही त्याच अंगाला एका सड्यावर जागा घेतली. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ. अध्यक्ष आमचे जोगळेकर वकील, आणि चिटणीस मी, कारण माझं अक्षर चांगलं. अण्णाही त्यात आले, पण सभासदत्व आणि प्लॉट दोन्ही त्यांनी माईंच्या नावावर घेतलं. "इतकी वर्षं ती माझ्या सरकारी घरात राहिली," ते म्हणाले, "आता मी तिच्या घरात राहीन."

चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले ते मे महिन्यात. सगळा सडा काळाठिक्कर, तापलेला, चपलेतूनही चटका बसणारा. गवताची काडी नाही. "नुसता दगड आहे, काय बिघडायचंय इथे," असं वकीलसाहेब म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा एकटे म्हणाले, "पाण्याला विचारलंत का?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. माईंना वरच्या अंगाचा, कोपऱ्यावरचा प्लॉट आला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना साखर वाटली.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते फक्त आमच्याकडचीच माणसं करू शकतात. घरांचे नकाशे मंजूर व्हायचे होते, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला यायचा होता, पण आठ दिवसांत सगळ्यांचे गडगे सुरू. जागेच्या एका कोपऱ्यात घरांच्या चिऱ्यांसाठी खाण उघडली होती, तिच्यातले तुकडे फुकट मिळत होते. त्यात आम्ही पडलो शिकलेली माणसं. वाडवडिलांचे गडगे नुसते दगडावर दगड ठेवलेले, फटी असलेले. आम्हाला ते गबाळं वाटलं. आम्ही प्रत्येक फट खाणीच्या लाल मातीने लिंपून घेतली. सगळ्यांत देखणा गडगा माईंचा झाला. गवंड्यामागे उभं राहून त्यांनी एकेक दगड फिरवून बसवून घेतला. बेड्याचे बांबू केळशीहून आले. घराचा पाया नाही, पण बेडं लागलं. संध्याकाळी त्या तिथे जाऊन बेडं सरकवून आत उघड्या कातळावर बसत. अण्णा बाहेर फेऱ्या मारत.

पावसाळा लागला आणि श्रावणात सड्याखालच्या वाडीतले तात्या शिवगण संस्थेच्या सभेत येऊन उभे राहिले. मुलगे मुंबईला, इथे तात्या, म्हातारी आणि भातशेती. तात्या सावकाश बोलायचे.

"तुमी घरं बांदा, आमचं काय म्हननं न्हाय," ते म्हणाले. "पन आमच्या बावीला ह्या साली पानी चढत न्हाय. आनि हाय ता लाल येतंय. पोरांना पाजायचं काय आमी?"

वकीलसाहेबांनी पाऊस कमी असल्याचं सांगितलं. तात्या म्हणाले, "पावसाला काय झालंय? पाऊस हाय तसाच हाय." आणि ते ग्रामपंचायतीत गेले. पंचायतीने ठराव केला की पाहणी झाल्याशिवाय एकाही घराला दाखला नाही. पाहणीला स्वतः सरपंच, वाडीकडून तात्या आणि संस्थेकडून एक माणूस. आम्ही एकमुखाने अण्णांना पाठवलं. "अण्णा आपलेच आहेत," वकीलसाहेब मला हळूच म्हणाले, "गणपतीच्या आत दाखला हातात."

गणपतीच्या आत काही झालं नाही. अण्णांनी पाहणीच मुळी विसर्जनानंतर ठेवली. सरपंच घाई करत होते, तर हे म्हणाले, "सडा मे महिन्यात बघणं म्हणजे माणूस झोपलेला असताना त्याच्याशी बोलणं. तो जागा असताना जाऊ." आणि सगळ्या सभासदांनी यायचं, चपला खाली रस्त्यावर काढायच्या, अशी त्यांची अट.

मी तो सडा मे महिन्यात पाहिला होता. भाद्रपदातला पाहिला तेव्हा वाट चुकले की काय असं वाटलं. कातळावर बोटभर पाणी सरकत होतं, इतकं सावकाश की ते वाहतंय हे पायांना कळत होतं, डोळ्यांना नाही. जिथे जिथे चिमूटभर माती होती तिथे फुलं. इवलाली निळी, पांढरी गेंदेदार, पिवळी. पाय कुठे ठेवावा कळेना. आमच्यातल्या एक नर्सबाई तर एका जागी उभ्याच राहिल्या. मध्ये एक मोठा खोलगट भाग होता, बशीसारखा, त्यात पाणी साठून बेडकांची पिल्लं वळवळत होती. त्या बशीत आमचे सात प्लॉट होते. त्यातला एक माझा.

अण्णांनी पिशवीतून विसर्जनातला उरलेला गुलाल काढला आणि वरच्या अंगाला सरकत्या पाण्यावर मूठभर सोडला. गुलाबी पट्टा हळूहळू पुढे निघाला आणि आम्ही सगळे त्याच्या मागून वरातीत चालावं तसे चाललो. तात्या म्हणाले, "ह्या मदल्या खोलग्यात जातंय ता. तिथं कातळाला भेगा हायत. तिथनं आत जिरतं आनि खाली आमच्या बावीत निगतं." पण गुलाल खोलग्यापर्यंत गेलाच नाही. तो एका गडग्याला जाऊन भिडला, तिथे अडला, मग गडग्याच्या कडेकडेने वळून नव्या रस्त्याच्या गटारात उतरला आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला निघून गेला. पुढच्या गडग्यांपाशीही तेच, पण सगळ्यांत जास्त पाणी त्या पहिल्या गडग्याने वळवलं होतं. त्याला सुरेख बांबूचं बेडं होतं.

"अण्णानु, ह्यो कुनाचा?" तात्यांनी विचारलं. माहीत असूनही विचारलं असणार.

"आमच्या घरच्यांचा," अण्णा म्हणाले.

माई तिथेच होत्या. पदर डोक्यावरून घेऊन, अनवाणी. वळल्या आणि चपला घालून एकट्या घरी गेल्या.

पाहणीचे मुद्दे मीच लिहून घेतले. पहिला, खोलगट भागात घरं नकोत. ते सात प्लॉट रस्त्याच्या कडेला, थोडे लहान करून द्यावेत. माझा त्यात गेला, मला वाईट वाटलं, पण ती बेडकांची पिल्लं पाहिल्यावर तिथे पाया खणायचं धाडस माझ्याने झालं नसतं. दुसरा, चिऱ्याची खाण. घरांपुरते चिरे काढून झाले की तिच्या कडा उतरत्या करायच्या, बाजूला फेकलेली माती परत पसरायची, पाणी साठू द्यायचं आणि काठाने झाडं लावायची. वकीलसाहेब लगेच म्हणाले, ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं फुकट मिळतायत, उद्या ट्रकभर आणतो. अण्णांनी विचारलं, "तिचा पाला गुरं खातात का?" नाही. "फळ माणसं खातात?" नाही. "मग ती इथे कुणाकडे पाहुणी येत्येय?" शेवटी तात्यांनी वाडीच्या राईतून जांभूळ, उंबर, करवंदांची रोपं द्यायचं कबूल केलं आणि तो मुद्दा मिटला.

तिसरा मुद्दा अण्णांनी सांगितला तो असा: सड्यावर एकही गडगा नको. आहेत ते सगळे काढावेत, नवे घालू नयेत.

मग जे वादळ उठलं ते विचारू नका. प्लॉट लहान झालेला लोकांनी सोसला, खाणीचा खर्च सोसला, पण गडगा? ज्यांची घरं कधी होतील याचा पत्ता नव्हता तेही गडग्यासाठी हमरीतुमरीवर आले. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "अण्णा, आधी स्वतःचा काढा, मग आम्हाला सांगा." प्लॉट माईंचा होता. विचारल्याशिवाय खिळा न मारणारा माणूस बायकोच्या गडग्याला कसा हात लावणार?

त्यांनी विचारलं. माईंनी नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. मी कामासाठी गेले की माई मला म्हणायच्या, "त्यांना सांग, पान वाढलंय." अण्णा दोन हातांवर बसलेले असायचे. ते मला म्हणायचे, "तिला सांग, आलो." आणि मी शाळेत मुलांचं करते तसं दोघांचं ऐकून घ्यायची. हसू यायचं, पण मनातून काळजीही वाटायची. अण्णा वाळले. दाखला अडलेला, लोक रस्त्यात त्यांना टाळू लागलेले. वाडीच्या बावीचं पाणी दिवाळीलाच खाली गेलं. तात्या रोज संध्याकाळी येऊन मामांच्या पायरीवर नुसते बसून जात.

दिवाळीनंतर शाळेच्या वर्गात संस्थेची सभा झाली. तात्या आणि सरपंचही आले होते. माई सभासद म्हणून आल्या आणि मुलांच्या बाकावर मागे बसल्या. अण्णांनी पुन्हा तेच मांडलं. गडगे नसले की पाणी मोकळं सरकेल. गुरांचं काय, तर आळीपाळीने राखण करू. हद्दीचं काय, तर कोपऱ्यांवर दगड पुरू. मुलं मोकळी खेळतील, संध्याकाळी माणसं एकत्र बसतील, एकमेकांच्या दारातून जाता येईल. बोलता बोलता त्यांचा चेहरा खुलत गेला.

तेव्हा माई उभ्या राहिल्या. बाईने भर सभेत बोलायची सवय त्या काळात आमच्याकडे फारशी नव्हती, माईंना तर नव्हतीच. त्या अण्णांकडे न बघता सरपंचांशी बोलल्या.

"मी काय म्हणत्ये, ते ऐकून घ्या. पाणी अडतंय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते खोटं नाही. पण संध्याकाळी एकत्र बसायचं आणि एकमेकांच्या दारातून जायचं, हे काही पाणी मागत नाही. ते मागतायत आमचे हे. यांना त्यांची पोफळीची कॉलनी परत हवीय. ती त्यांना सुखाची झाली, मला नाही झाली. ते मी कधी बोलले नाही, तेव्हा तेही चुकलंच."

मग त्या पहिल्यांदा अण्णांकडे वळल्या. कितीतरी दिवसांनी थेट त्यांच्याशी बोलल्या.

"पाण्याला किती जागा हवी, तेवढं सांगा. तुम्हाला किती हवी ते मी आत्ता विचारत नाहीये."

अण्णा फळ्यापाशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. ते उत्तर देण्यात काय जाणार आहे ते त्यांना दिसत होतं, आणि ते आम्हालाही दिसत होतं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली.

"तळाशी वीतभर उंच आणि हातभर रुंद," ते शेवटी म्हणाले. "अशा मोऱ्या, चार-चार पावलांवर. उताराच्या दोन्ही बाजूंना. तेवढं पुरे आहे."

"मग तेवढी देत्ये," माई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

वकीलसाहेबांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. अण्णा सरपंचांकडे वळून म्हणाले, "तिसरा मुद्दा बदलून घ्या. गडगे राहतील, मोऱ्या ठेवायच्या, लिंपण काढायचं. मघाशी मी म्हणालो त्यात पाण्याचं थोडं होतं आणि माझं बरंच होतं. सौभाग्यवती म्हणतात ते खरं आहे." आणि मग खालच्या आवाजात, बहुधा स्वतःशीच, "जन्मभर पाण्याला दारं केली. आपल्या घरच्या भिंतीला करायचं सुचलं नाही." आयुष्यात मी पुष्कळ सभांची इतिवृत्तं लिहिली. चारचौघांत, मान खाली न घालता, आपल्या म्हणण्यातला आपला स्वार्थ असा वेगळा काढून दाखवणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सड्यावर गेले तर माई पहारीने गडग्याचा तळ मोकळा करत होत्या. अण्णा बेड्याबाहेर उभे. आत यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बाहेरच. थोडा वेळ त्यांनी बघितलं. मग राहवेना.

"अगो, वर लांब दगड घे. आडवा. नाही तर वरचा गडगा बसेल खाली."

माईंनी हातातला दगड टाकला, आजूबाजूला बघितलं. लांब दगड त्यांच्याने उचलण्यातला नव्हता. "मग बघत काय राहिलायत," त्या म्हणाल्या, "या की आत."

दाखला मिळाला. घरं उभी राहिली, चिऱ्यांची, एकेक खोली वाढवत. सगळ्यांच्या गडग्यांना मोऱ्या झाल्या. एक-दोघांनी नंतर गुपचूप बुजवल्या, त्यांच्या परसात अण्णा न सांगता जाऊन आले आणि "हं" म्हणून आले. त्या पुन्हा उघडल्या. खोलग्यात कुणी बांधलं नाही. पहिल्या वर्षी वाडीच्या बावीचं पाणी पूर्वीइतकं टिकलं नाही, दुसऱ्या वर्षी त्याने वैशाख काढला. तात्या एक फणस खांद्यावर घेऊन चढ चढून आले, माईंच्या ओसरीवर ठेवला, आणि चहा न घेता गेले. खाणीच्या काठची जांभळं आज घराएवढी आहेत.

पोफळीसारखी वसाहत काही अण्णांना मिळाली नाही. संध्याकाळी ते खुर्ची घेऊन बेड्याबाहेर, रस्त्याच्या कडेला बसायचे. येणारा-जाणारा थांबायचा, कधी दोन खुर्च्या व्हायच्या, कधी तीन, पोफळीइतक्या कधीच नाही. माई चहाचा कप गडग्यावरून देत. एकदा मी अण्णांना विचारलं, वाईट वाटतं का म्हणून. ते म्हणाले, "वाटतं. पण आत बघ, ती कशी बसल्येय." मी बघितलं. माई ओसरीवर पाय पसरून, पदर खांद्यावर टाकून, एकट्याच, काही न करता बसल्या होत्या.

अण्णा गेले ते दशक संपता संपता, थंडीत. त्याच वर्षीच्या भाद्रपदात मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी थांबला होता. मी शाळेत निघाले होते. माईंच्या गडग्यापाशी पाणी तुंबून वळायला लागलं होतं, कारण एका मोरीत पालापाचोळा अडकला होता. अण्णा बाहेरच्या बाजूला, ओल्या कातळावर चक्क एका कुशीवर आडवे झालेले, आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत मोरीत. छत्री बाजूला पडलेली.

"अहो, तुमच्या बाजूचं तुम्ही काढा," गडग्याच्या आतून माईंचा आवाज आला. "माझ्या बाजूचं मी काढत्ये."

"माझं झालं. तुझंच अडलंय."

"माझं केव्हाच झालं."

मी थांबले. पाणी काही हलेना. अण्णांनी गाल कातळाला टेकवला आणि त्या वीतभर भोकातून आत बघितलं. माईंनाही पलीकडून तसंच वाकावं लागलं असणार, कारण आतून बांगड्या दगडावर वाजल्या. एकाएकी मधला गाळ सुटला, पाणी अण्णांच्या कोपरावरून, सदऱ्याच्या बाहीतून, भसकन आत गेलं आणि पलीकडे माई हसल्या. त्यांना इतक्या मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णा उठले नाहीत. तसेच भिजत, गाल दगडाला लावून, ते मोरीतून आत बघत राहिले.